रिमोटचं विमान अचानक ऐकेनासं होतं तेव्हा

छान उडत असलेलं विमान मधेच एका बाजूला कलंडतं, स्टिक कितीही ओढली तरी वर येत नाही आणि बांधापलीकडच्या शेतात जाऊन आदळतं. मैदानावर उभे असलेले सगळे एकच निदान करतात: इंटरफेरन्स, म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी लहरींची ढवळाढवळ. मग बोट दाखवलं जातं मोबाइल टॉवरकडे, नाहीतर विजेच्या मोठ्या तारांकडे, नाहीतर पलीकडे ड्रोन उडवणाऱ्या मुलाकडे. कधीकधी हे निदान बरोबरही असतं. पण आज बहुतेक सगळे जण २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट वापरतात, आणि माझं ठाम मत असं की अशा रिमोटवरचं विमान ऐकेनासं झालं तर आधी विमानाच्या पोटात शोधावं, टॉवरकडे सगळ्यात शेवटी पाहावं. असं का, हे कळायला रिसीव्हर नेमकं काय ऐकत असतो ते समजून घ्यायला हवं.

रिमोट तुमच्या बोटांची हालचाल आकड्यांत बदलतो आणि ते आकडे रेडिओ लहरींवर चढवून पाठवतो. विमानातल्या रिसीव्हरची अँटेना मात्र फक्त तुमचीच लहर पकडत नाही. तिच्यावर जे जे येऊन आदळतं ते सगळं एकत्र आत येतं, आणि त्यातून तुमचं तेवढं निवडून काढणं हे रिसीव्हरचं काम. म्हणून आपला सिग्नल किती जोरदार आहे, एवढ्यावर भागत नाही. भोवतालच्या गोंगाटापेक्षा तो किती वरचढ आहे, यावर सगळं ठरतं. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहिलं की हातभर अंतरावरच्या माणसाचं बोलणं कळत नाही, आणि पहाटे तेच बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. माणसाचा आवाज दोन्ही वेळेला सारखाच असतो.

यात अंतराचा हिशेब धरा. अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती एक चतुर्थांश होते, चौपट झालं की सोळावा हिस्सा उरतो. नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही ती गोष्ट यातूनच निघते: दूरच्या दांडग्या ट्रान्समिटरपेक्षा जवळचं किरकोळ उपकरण जास्त त्रास देऊ शकतं. रिसीव्हरपासून १० सेंटीमीटरवर चिकटवलेला कॅमेरा आणि ५०० मीटरवरचा टॉवर यांच्या अंतरात ५,००० पटींचा फरक आहे. शक्तीच्या हिशेबात तो फरक ढोबळमानाने अडीच कोटी पटींचा होतो.

चिमट्यांच्या फळीचा काळ

इंटरफेरन्सची भीती आपल्याला वारशाने मिळाली आहे, आणि ज्या काळातून ती आली त्या काळात ती शंभर टक्के खरी होती. अमेरिकेत मॉडेल विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्झचा पट्टा होता, ब्रिटन आणि युरोपच्या बऱ्याच भागात ३५ मेगाहर्ट्झचा. अमेरिकेतल्या पट्ट्यात ११ ते ६० अशी ५० चॅनेल होती आणि दोन चॅनेलांमध्ये अंतर होतं २० किलोहर्ट्झ. रिमोटमध्ये आणि रिसीव्हरमध्ये फ्रीक्वेन्सी ठरवणारं जे क्रिस्टल खोचलं असेल तेच तुमचं चॅनेल. रिसीव्हरला त्या फ्रीक्वेन्सीवर जे येईल ते तो मुकाट पाळायचा. ते कोणाच्या रिमोटमधून आलं, हे ओळखायची त्याच्याकडे सोयच नव्हती.

म्हणून क्लबच्या मैदानावर एक फळी असायची आणि तिच्यावर प्रत्येक चॅनेलच्या नंबरचा एक चिमटा. आपला चिमटा फळीवरून काढून अँटेनाला लावल्याशिवाय रिमोटचं बटण दाबायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम. कोणी मागे गाडीजवळ बसून, सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणारी छोटी मोटर) हलतोय का बघू, म्हणून रिमोट चालू केला आणि त्याच चॅनेलवर दुसऱ्याचं विमान हवेत असलं, की ते विमान त्याच क्षणी गेलं. पाडणाऱ्याला बहुधा कळायचंही नाही.

इतकी शिस्त पाळूनही विमानं पडायची, आणि ती का पडायची हे मला या विषयातलं सगळ्यात रोचक प्रकरण वाटतं. दोन वेगळ्या चॅनेलांचे जोरदार सिग्नल रिसीव्हरच्या पहिल्याच टप्प्यात एकमेकांत मिसळतात आणि तिथे एक तिसरी, कुणीच न पाठवलेली फ्रीक्वेन्सी जन्माला येते. एकीची दुप्पट करायची आणि त्यातून दुसरी वजा करायची, की ती मिळते. चॅनेल ३० म्हणजे ७२.३९० मेगाहर्ट्झ, चॅनेल ३२ म्हणजे ७२.४३०. बत्तीसची दुप्पट १४४.८६०, त्यातून तीसचे ७२.३९० वजा केले की उरतात ७२.४७०. हे नेमकं चॅनेल ३४! म्हणजे तिघांची चॅनेल वेगळी, फळीवर चिमटे जागच्या जागी, आणि तरीही तीस आणि बत्तीसवाले शेजारीशेजारी उभे असताना चौतीसवाल्याचं विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं की थरथरायला लागायचं. चॅनेल समान अंतरावर मांडली की हे अटळ आहे.

दुसरा चकवा २३ आकड्याचा. त्या वेळच्या साध्या रिसीव्हरमध्ये आलेला सिग्नल ४५५ किलोहर्ट्झवर उतरवून मग वाचला जायचा. दोन रिमोटांमध्ये २३ चॅनेलांचं अंतर असलं तर त्यांच्यातला फरक होतो ४६० किलोहर्ट्झ, आणि तो फरकच रिसीव्हरच्या आतल्या दाराने थेट शिरायचा. पुढे सिग्नल आधी १०.७ मेगाहर्ट्झवर आणि मग ४५५ किलोहर्ट्झवर असा दोन पायऱ्यांनी उतरवणारे रिसीव्हर आले आणि हा त्रास संपला.

२.४ आल्यावर काय बदललं

२००५-०६ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत चिमट्यांची फळी अडगळीत गेली. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन अशा सगळ्यांचा. भारतातही २००५ साली तो ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना खुला झाला. गर्दीच्या रस्त्यावर विमान चालवायचं म्हणजे जास्त धोका, असं वाटेल. प्रत्यक्षात उलट झालं, याचं श्रेय दोन युक्त्यांना.

पहिली बाइंडिंगची. रिसीव्हर एकदा तुमच्या रिमोटशी जोडला की तो त्या रिमोटची ओळख लक्षात ठेवतो, आणि ज्या पॅकेटवर, म्हणजे आकड्यांच्या ज्या पुडक्यावर, ती ओळख नाही ते फेकून देतो. दुसऱ्याच्या रिमोटने तुमचं विमान वळणं इथेच थांबलं.

दुसरी युक्ती म्हणजे एका फ्रीक्वेन्सीवर न थांबता सतत उड्या मारत राहणं. तिचं मूळ थेट रिमोटवर चालणाऱ्या यंत्रातच आहे. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ साली अमेरिकेत एक पेटंट मिळालं. रेडिओने चालणाऱ्या टॉर्पेडोचा सिग्नल शत्रूला जॅम करता येऊ नये म्हणून ट्रान्समिटर आणि रिसीव्हर दोघांनी ठरलेल्या क्रमाने एकाच वेळी फ्रीक्वेन्सी बदलत राहायची, आणि तो क्रम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर साठवायचा, जशी आपोआप वाजणाऱ्या पियानोत असते. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच ८८ फ्रीक्वेन्सी त्यांनी योजल्या होत्या. आजच्या रिमोटमध्ये कागदाच्या जागी चिप आहे, पण कल्पना तीच. एका उडीला समोर वायफाय आडवं आलं तर तेवढं एक पॅकेट वाया जातं, आणि काही मिलिसेकंदांत पुढचं पॅकेट दुसऱ्या, मोकळ्या जागेवरून पोचतं. तुमच्या बोटांना त्याचा पत्ताही लागत नाही.

यावरून एक कामाचं अनुमान निघतं. पूर्वी बाहेरून ढवळाढवळ झाली की विमान पडायचं. आता तसं झालं की पल्ला आखूड होतो. गर्दीच्या ठिकाणी जास्त पॅकेट वाया जातात, एक किलोमीटर जाणारा रिमोट सहाशे मीटरवर कुरकुरायला लागतो, पण १०० मीटरवर, डोळ्यांसमोर, विमान एकाएकी मुकं होत नाही. जवळ उडत असताना झालेल्या अचानक आणि पूर्ण घाताचं कारण बहुतेक वेळा विमानातच सापडतं.

पोटातला पहिला संशयित: वीज

फोमचं नेहमीचं विमान घ्या: चार सर्व्हो, तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. बॅटरी ११.१ व्होल्टची, पण रिसीव्हर आणि सर्व्होंना हवेत साधारण ५ व्होल्ट. ते देतं ईएससीच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या, पोटात बसवलेलं बीईसी नावाचं छोटं सर्किट. स्वस्त ईएससीमध्ये ते लिनिअर प्रकारचं असतं, म्हणजे जास्तीचे व्होल्ट नुसते उष्णता करून घालवतं. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट, त्यातून ५ गेले, उरले ७.६. सर्व्होंनी २ अँपिअर ओढले की नखाएवढ्या चिपमध्ये १५ वॉट उष्णता तयार होते, आणि ती चिप बऱ्याचदा फोमच्या बंद कप्प्यात, वारा न लागणाऱ्या जागी असते.

आता विमान उतरायला वळलंय. वारा आडवा आहे, म्हणून तुम्ही एलेरॉन हे पंखांवरचे आणि एलिव्हेटर, रडर हे शेपटीवरचे हलते भाग एकदम हलवता. चारही सर्व्हो एकाच क्षणी ओढ घेतात. एखाद्याचा दांडा अडकत असेल तर तो एकटाच अँपिअरभर किंवा त्याहून जास्त खातो. तापलेलं बीईसी दमतं, पाचाचे चार होतात, चाराचे तीन. बऱ्याच रिसीव्हरचा प्रोसेसर साधारण साडेतीन व्होल्टच्या खाली गेला की बंद पडतो. सर्व्हो थांबतात, ओढ संपते, व्होल्टेज लगेच परत पाचावर येतं. रिसीव्हर पुन्हा सुरू होतो आणि आपला रिमोट शोधायला लागतो. सुरुवातीच्या काही २.४ रिसीव्हरना त्याला काही सेकंद लागायचे, आताचे पुष्कळ लवकर जागे होतात. पण ५४ किलोमीटरच्या वेगाने जाणारं विमान दोन सेकंदांत ३० मीटर कापतं, आणि वळणावर १५ मीटर उंचीवर असताना तेवढी जागा नसते.

याला ब्राउनआउट म्हणतात. यातली खरी अडचण अशी की तो मागे पुरावा ठेवत नाही. धावत जाऊन विमान उचललं की सर्व्हो हलतात, मोटर फिरते, बॅटरीही भरलेली दिसते. सगळं ठणठणीत, मग दोष हवेचाच! बरेचसे जुने क्रिस्टलवाले रिसीव्हर व्होल्टेज घसरलं तरी कसेबसे चालत राहायचे. त्यामुळे ३५-७२ वरून २.४ वर आलेल्या अनुभवी माणसांनाही हा प्रकार नवीन होता, आणि नव्या रिमोटना इंटरफेरन्स जास्त होतो अशी समजूत त्यातूनच पसरली.

तपासणी पाच मिनिटांची आहे. प्रपेलर काढा. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर व्होल्टमीटर लावा. सगळ्या स्टिक एकदम गरागरा फिरवा, आणि कोणाला तरी एलेरॉन हाताने हलकेच अडवून धरायला सांगा. आकडा ५ च्या आसपास टिकला तर ठीक. साडेचारच्या खाली डोकावला तर ते विमान उडवू नका. स्विचिंग प्रकारचं, म्हणजे कमी तापणारं, वेगळं बीईसी लावा, ५ अँपिअरचं लावलं तर अशा विमानाला ते पुरून उरतं. काही जण रिसीव्हरला ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडतात. क्षणभराचा खड्डा त्याने भरतो, पण मुळात लहान असलेलं बीईसी त्याने मोठं होत नाही. सैल कनेक्टर आणि झिजलेला स्विच यांचीही गणती याच खात्यात करा.

दुसरा संशयित: ३१ मिलिमीटर

२.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर. अँटेना तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे सुमारे ३१ मिलिमीटर. रिसीव्हरमधून निघणारी बारीक काळी वायर जवळून पाहा: बहुतेक लांबी ही नुसती वाट आहे, वर जाळीचं आवरण असलेली, तिला काही ऐकू येत नाही. टोकाशी जिथे ते आवरण संपतं आणि आतली बारीक तार उघडी होते, तेवढा ३१ मिलिमीटरचा तुकडाच खरी अँटेना. तो दुमडला, कापला गेला, बॅटरीखाली दबला किंवा ईएससीच्या जाड तारांवर टेपने चिकटवला, तर बाकी सगळं उत्तम असूनही रिसीव्हर बहिरा होतो. ७२ मेगाहर्ट्झची अँटेना मीटरभर लांब असायची, तिचं थोडंफार वाकडंतिकडं चालून जायचं. इथे चालत नाही.

अशा सरळ तारेला तिच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, ऐकू येतं ते आडव्या अंगाने. म्हणून दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या. विमान कसंही वळलं तरी एक तरी रिमोटकडे आडवी राहते. रिमोटच्या अँटेनाचंही तसंच. तिचं टोक विमानाकडे रोखून उडवायची सवय अनेकांना असते. ही सवय आजच सोडा.

कार्बन फायबर विजेचा वाहक आहे, २.४ च्या लहरी त्यातून पार जात नाहीत. कार्बनची बॉडी असेल तर अँटेनाचं टोक बाहेर काढावंच लागतं. लिपोचा गठ्ठा, धातूचा मुलामा असलेली फिल्म, इंजिन यांचीही सावली पडते. माणसाचं अंगही या लहरी शोषून घेतं, त्यामुळे रिमोट पोटाशी धरून विमानाकडे पाठ करू नका.

पेट्रोल इंजिन, ब्रश मोटर, कॅमेरा

पेट्रोल इंजिनाचा स्पार्क म्हणजे छोटा रेडिओ ट्रान्समिटरच. प्लगची टोपी धातूच्या आवरणाची हवी आणि ती प्लगवर घट्ट बसायला हवी, इग्निशनला वेगळी बॅटरी हवी, आणि इग्निशनचा डबा रिसीव्हरपासून ३० सेंटीमीटर तरी लांब. ब्रशवाल्या मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावतात. ब्रशलेस मोटरला त्यांची गरज नाही आणि ईएससीच्या मोटरकडच्या तारांवर ते लावूही नयेत.

कॅमेऱ्याचा विषय मात्र नीट पाहण्यासारखा आहे, कारण आज विमानाच्या आत दुसरा ट्रान्समिटर बसवण्याची पद्धतच झाली आहे. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं वायफाय चालू राहिलं की रिसीव्हरच्या शेजारी, त्याच्याच पट्ट्यात कोणी तरी अखंड बोलत राहतं. उडवण्याआधी ते बंद करा. १.२ गिगाहर्ट्झवर चित्र पाठवणारे ट्रान्समिटर असतात. त्या फ्रीक्वेन्सीची दुप्पट २.४ होते, आणि गाळण नीट नसेल तर तो दुपटीचा अंश थेट रिसीव्हरवर पडतो. याच वर्गातले १.३ गिगाहर्ट्झचे ट्रान्समिटर आणखी एका कारणासाठी टाळावेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ हा तिच्या निरीक्षणाचा एक पट्टा आहे. दूरच्या आकाशगंगांमधून आलेली अतिशय क्षीण लहर जिथे ऐकायची असते, तिथे आपण गोंगाट करणारे ठरतो. त्या परिसरात हा छंद बाजूलाच ठेवलेला बरा.

विमानातून गॉगलमध्ये येणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅनालॉग चित्रात तर चिमट्यांच्या फळीचा काळ जसाच्या तसा परत आला आहे. त्यातल्या रेसबँड या संचातली चॅनेल ३७ मेगाहर्ट्झच्या समान अंतरावर आहेत: ५६५८, ५६९५, ५७३२. मधल्याची दुप्पट करून पहिला वजा करा, तिसरा मिळतो. आणि इथे बाइंडिंग नाही, उड्याही नाहीत. दुसरा कोणी हवेत असताना तुम्ही जमिनीवर बॅटरी लावलीत, तर त्याच्या गॉगलमध्ये बर्फ पडतो, म्हणजे चित्राऐवजी नुसते ठिपके दिसतात. आधी विचारा, मग बॅटरी लावा.

लांब पल्ल्यासाठी १ गिगाहर्ट्झच्या खालची ट्रान्समिटर मॉड्यूल परदेशातून मागवणाऱ्यांना एक सांगणं आहे. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ खुला आहे, म्हणून तिथली मॉड्यूल ९१५ ची असतात. भारतात ८९० ते ९१५ हा भाग मोबाइल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा आहे. ते मॉड्यूल इथे लावलं तर गावातल्या फोनचा गोंगाट तुम्हाला आणि तुमचा त्यांना. आपल्याकडे खुला आहे तो ८६५ ते ८६८ चा पट्टा. एक्सप्रेसएलआरएससारख्या लांब पल्ल्याच्या रिमोट प्रणालीत भारतासाठी ८६६ ची वेगळी निवड दिलेली असते, तीच घ्यावी.

खरंच इंटरफेरन्स आहे का, हे कसं ओळखायचं

टेलिमेट्री, म्हणजे विमानाकडून परत माहिती येण्याची सोय, असलेल्या रिमोटवर दोन आकडे दिसतात. आरएसएसआय म्हणजे रिसीव्हरपर्यंत पोचलेली ताकद, आणि लिंक क्वालिटी म्हणजे शंभरातली किती पॅकेट धडपणे वाचता आली. दोन्ही एकत्र घसरत असतील तर अंतर किंवा अँटेना कारण आहे. ताकद भरपूर आणि तरी पॅकेट वाया जात असतील, तर कोणी तरी खरोखर ढवळाढवळ करतंय. आणि दोन्ही ठणठणीत असताना एकदम शून्य झाले, तर वीज गेली होती असं समजून बीईसी तपासा.

टेलिमेट्री नसली तरी रेंज चेक सगळ्यांना करता येतो. रिमोट कमी शक्तीच्या मोडवर टाका, सोबत्याला विमान घट्ट धरायला सांगा आणि साधारण तीस पावलं लांब जा. आधी मोटर बंद ठेवून सर्व्हो हलवून बघा, मग सोबत्याचे हात प्रपेलरपासून लांब आहेत याची खात्री करून मोटर पूर्ण वेगाने चालवून तेच करा. मोटर बंद असताना नीट आणि चालू केल्यावर थरथर, म्हणजे गोंगाट तुमच्याच मोटर, ईएससी किंवा इग्निशनमधून येतोय. कॅमेरा बंद ठेवून आणि चालू करून हाच फरक बघा. नवीन मैदानावर पहिल्या दिवशी, आणि विमानात काही नवीन बसवल्यावर दर वेळी, हे झालंच पाहिजे.

उरतो फेलसेफ: सिग्नल गेलाच तर रिसीव्हरने काय करायचं याची आधी दिलेली आज्ञा. इलेक्ट्रिक विमानात थ्रॉटल (मोटरचा वेग) शून्य, पेट्रोल इंजिनात आयडल किंवा बंद. काही रिसीव्हरांत मूळ सेटिंग शेवटची स्थिती धरून ठेवण्याचं असतं, म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर सिग्नल गेला तर विमान पूर्ण थ्रॉटलवरच निघून जाणार, आणि पलीकडे रस्त्यावर माणसं असतात. प्रपेलर काढून थ्रॉटल अर्धा ठेवा, रिमोट बंद करा आणि मोटर थांबते का ते डोळ्यांनी बघा. रिसीव्हर बदलला किंवा पुन्हा बाइंड केला, की हे पुन्हा करायचं, कारण अनेक प्रणालींत बाइंड करतानाच जुनी आज्ञा पुसली जाते.